तहरीर वगळून इजिप्त पाहू नका

गिझाचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण खुलं झालं आणि कैरोच्या ग्रुप टूरचं वेळापत्रक एकदम सुटसुटीत झालं. पिरॅमिडपासून जेमतेम दोन किलोमीटरवर म्युझियम. आत शिरताच रामसेस राजाचा अकरा मीटर उंच पुतळा. तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू पहिल्यांदाच एका छताखाली. एसी, सरकते जिने, स्वच्छ बाथरूम, बस लावायला ऐसपैस जागा. टूर मॅनेजरला आणखी काय हवं? सकाळी पिरॅमिड, मग जेवण, दुपारी म्युझियम, संध्याकाळी हॉटेल. कैरोच्या ट्रॅफिकमध्ये शिरायचं कारणच उरत नाही. तहरीर चौकातलं जुनं गुलाबी म्युझियम मग ‘वेळ उरला तर’ या रकान्यात जातं. आणि ग्रुप टूरमध्ये वेळ कधी उरत नाही, हे गळ्यात ओळखपत्र अडकवून परदेशी फिरलेल्या कुणालाही विचारा.

नवं म्युझियम पाहू नका, असं मी म्हणत नाही. ते पाहायलाच हवं. पण काही गाळायचंच असेल तर पपायरसचं दुकान गाळा, अत्तराचं दुकान गाळा, नाइलवरचं नाचगाण्याचं जेवण गाळा. तहरीर गाळू नका. प्राचीन इजिप्तच्या वस्तू दाखवणारी म्युझियमं जगात पुष्कळ आहेत. पण त्या वस्तू कुणी उकरल्या, कुणी वाटून घेतल्या, श्रेय कुणाच्या नावावर चढलं आणि इजिप्तच्या माणसाला आपल्याच पूर्वजांपर्यंत पोचायला किती झगडावं लागलं, हे स्वतःच्या भिंतींवर वागवत उभी असलेली इमारत ही एकच. गाइडेड टूरमध्ये फेरोंची, म्हणजे प्राचीन राजांची, तीन हजार वर्षं धडाधड सांगितली जातात, शेवटची दोनशे मात्र गाळली जातात. ती सांगितली गेली पाहिजेत. आणि गाइड आपणहून सांगत नसेल तर पैसे मोजून आलेल्या पर्यटकाने ती मागितली पाहिजेत.

तहरीरची इमारत १९०२ ची, आराखडा मार्सेल दूर्न्यों या फ्रेंच वास्तुकाराचा. दर्शनी भिंतीवरचा मजकूर लॅटिनमध्ये आहे. अरबी बोलणाऱ्या शहराच्या भर मध्यावर लॅटिन! कोणासाठी कोरला असेल तो? भिंतीवर विद्वानांचीही नावं आहेत, ती युरोपियनांची. बागेत शिरलं की डावीकडे ओग्युस्त मारिएतचं स्मारक लागतं. पुतळा आहे, आणि फेरोंच्या धर्तीची एक दगडी शवपेटी आहे. बहुतेकांना ती प्रदर्शनातलीच एखादी वस्तू वाटते आणि ते फोटो काढून पुढे जातात. पण त्या पेटीत खुद्द मारिएत आहे.

हा माणूस मोठा गुंतागुंतीचा. १८५० मध्ये हा फ्रेंच माणूस पॅरिसच्या लूव्ह्र म्युझियमसाठी जुनी हस्तलिखितं विकत घ्यायला आला, ते राहिलं बाजूला आणि सक्काराच्या प्राचीन दफनभूमीत खोदत बसला. हजारो वस्तू पॅरिसला रवाना केल्या. पुढे १८५८ मध्ये इजिप्तच्या राज्यकर्त्याने त्यालाच पुरातत्त्व खात्याचा प्रमुख नेमलं, आणि त्यानंतर वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून तो हटून बसला. १८६३ मध्ये कैरोतल्या बुलाकला पहिलं म्युझियम उघडलं ते त्यानेच. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात राणी अहहोतेपचे दागिने फ्रान्सच्या सम्राज्ञीच्या मनात भरले आणि तिने ते मागितले, तेव्हा खेदिवाने, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याने, चेंडू मारिएतकडे टोलवला आणि मारिएतने स्वतःच्या देशाच्या सम्राज्ञीला नकार दिला. चोर म्हणावं तर राखणदारही हाच.

पण हा राखणदार किल्ल्या कुणाच्या हातात जाऊ देत नव्हता, तेही बघायला हवं. १८६९ मध्ये कैरोत इजिप्शियन मुलांना चित्रलिपी शिकवणारी एक शाळा निघाली. शिकवायला हाइनरिख ब्रुग्श हा जर्मन पंडित. मारिएतने या मुलांना म्युझियममधले शिलालेख उतरवून घ्यायला मनाई केली. आज अक्षर ओळखणारी पोरं उद्या खुर्ची मागतील, ही धास्ती. शाळा काही वर्षांतच बंद पडली. तिथे शिकलेला एक विद्यार्थी मात्र चिकट निघाला. त्याचं नाव अहमद कमाल. मारिएत १८८१ मध्ये वारला, त्यानंतर कमाल यांना खात्यात शिरकाव मिळाला. त्याच वर्षी लक्सरजवळ देर अल-बहरीच्या कड्यातल्या एका खोल विवरात राजेराण्यांच्या ममींचा साठा सापडला. तो बाहेर काढायला गेलेल्या चमूत कमाल होते. पुढे ते म्युझियममध्ये वर्षानुवर्षं काम करत राहिले, कॅटलॉग लिहिले, अरबीत इजिप्तचा इतिहास आणला आणि प्राचीन इजिप्शियन भाषेचा बावीस खंडांचा कोश रचला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही, नंतरही कितीतरी दशकं नाही. खात्याच्या प्रमुखपदी त्यांना कुणी बसवलं नाही. १८५८ पासून १९५२ च्या क्रांतीपर्यंत ती खुर्ची फ्रेंचांकडेच राहिली. देशात इंग्रजांची सत्ता असतानाही. इंग्रज आणि फ्रेंच यांचा आपसात तसा समझोताच होता.

तुतनखामेनचं थडगं सापडलं त्या सुमाराची एक गोष्ट नोंदली गेली आहे. म्हातारे कमाल तेव्हाचे प्रमुख पिएर लाको यांच्याकडे गेले आणि म्हणाले, इजिप्शियन तरुणांना या शास्त्रात तयार करा. लाको म्हणाले, तुमच्याखेरीज कुणा इजिप्शियनला यात रस दिसत नाही. त्यावर कमाल यांनी विचारलं की पासष्ट वर्षं खातं तुमच्या हातात आहे, या काळात तुम्ही आम्हाला संधी तरी कोणती दिलीत? ते १९२३ मध्ये गेले. आज मारिएतच्या स्मारकाभोवती जे अर्धपुतळे आहेत त्यात नंतर अहमद कमाल यांचाही बसवला गेला. सलीम हसन, लबीब हबाशी हे इजिप्शियन पुरातत्त्वज्ञही आहेत. फ्रेंच माणसाच्या समाधीभोवती अर्धवर्तुळात उभं राहायला मिळालं, एवढा मान. बागेतून म्युझियमच्या दाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच हे सगळं आहे, चार पावलं वाकडी टाकावी लागतात इतकंच. आमच्या ग्रुपला ती टाकू दिली नाहीत. तिकिटांची रांग धरायची होती.

आत तळमजल्यावर लाकडाचा एक पुतळा आहे, त्याच्यापाशी थोडं थांबावं. साडेतीन फुटांहून थोडा उंच, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. का-अपर नावाचा एक पुरोहित. गोल चेहरा, सुटलेलं पोट, हातात काठी, एक पाय पुढे. डोळ्यांना तांब्याची कड आहे आणि बुबुळांच्या जागी स्फटिक बसवलेला आहे. आपण डावीकडून उजवीकडे सरकलो की नजर आपल्याबरोबर फिरल्यासारखी वाटते. मारिएतच्या खोदकामात हा बाहेर आला तेव्हा मजूर हसायला लागले, म्हणे हा तर आमच्या गावचा शेख! त्यांच्या गावप्रमुखाशी चेहरा हुबेहूब जुळत होता. तेव्हापासून हा पुतळा शेख अल-बलद म्हणूनच ओळखला जातो. आपण म्हणू, गावचा पाटील. मला या म्युझियममधली ही सगळ्यात मोलाची नोंद वाटते. खोदणाऱ्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही, त्यांची मजुरी कुणाला ठाऊक नाही. पण त्यांनी सहज म्हणून मारलेला एक शेरा पंडितांच्या कॅटलॉगमध्ये कायमचा जाऊन बसला. शिवाय त्या शेऱ्यात एक दावाही होता. ही माणसं परकी नाहीत, आमच्यासारखीच दिसतात. हे म्हणायचा हक्क त्या मजुरांना होता, आणि तो त्यांनी विद्यापीठाची परवानगी न घेता बजावला.

आता तुतनखामेन. त्याची कथा प्रत्येक गाइड सांगतो. ४ नोव्हेंबर १९२२, खोदणारा इंग्रज हॉवर्ड कार्टर, पहिली पायरी, मेणबत्ती, आत सोन्याचा लखलखाट, खर्च करणारा लॉर्ड कार्नार्व्हन, डास चावून त्याचा मृत्यू, शाप. पण त्याच साली फेब्रुवारीत इजिप्तला, नावापुरतं का होईना, स्वातंत्र्य मिळालं होतं हे तो सांगत नाही. आणि त्यानंतर जे झालं ते कुठल्याही शापापेक्षा रंजक आहे. कार्नार्व्हनने जानेवारी १९२३ मध्ये थडग्याच्या बातम्यांचा एकाधिकार लंडनच्या ‘टाइम्स’ला पाच हजार पौंडांना विकला. म्हणजे कैरोच्या संपादकाला आपल्याच राजाच्या थडग्यात आज काय निघालं हे लंडनच्या पेपरात वाचून छापावं लागणार! तिथली वर्तमानपत्रं खवळली, ती उगाच नाही. पुढच्या वर्षी राष्ट्रवादी नेता साद झगलूलचं निवडून आलेलं सरकार आलं. फेब्रुवारी १९२४ मध्ये कार्टरने आपल्या सहकाऱ्यांच्या बायकांना थडगं दाखवायचं ठरवलं, मंत्री मोरकोस हन्ना यांनी परवानगी नाकारली. कार्टर रागावला, काम बंद केलं, थडग्याला कुलूप घातलं. शवपेटीचं अवजड दगडी झाकण दोरांवर टांगतं ठेवून! सरकारने स्वतःचं कुलूप घातलं. प्रकरण कोर्टात गेलं. कार्टरने जो वकील दिला, त्यानेच काही काळापूर्वी या मोरकोस हन्नांवर देशद्रोहाचा खटला चालवला होता. भर कोर्टात त्याने सरकारला दरोडेखोरांची उपमा दिली आणि तडजोडीची दारं बंद झाली.

अखेर ठरलं असं की सगळा ऐवज इजिप्तमध्येच राहील. तोपर्यंतची रीत अशी होती की खोदणाऱ्याने आणि देशाने सापडलेल्या वस्तू वाटून घ्यायच्या. याच रीतीत १९१२ मध्ये अमार्नाला सापडलेला राणी नेफर्तितीचा अर्धपुतळा बर्लिनला गेला, आणि तो देताना काय दाखवलं नि काय लपवलं यावरून आजही वाद आहे. तुतनखामेनच्या बाबतीत कार्नार्व्हनच्या वारसांना खर्चापोटी सुमारे ३६ हजार पौंड देऊन सरकारने विषय मिटवला. आज गिझाला जो सोनेरी मुखवटा पाहून आपण ‘वा’ म्हणतो, तो लंडनला किंवा न्यूयॉर्कला नाही याचं कारण एका नव्या, दुबळ्या, अर्धस्वतंत्र सरकारचा हट्ट हे आहे. हे ऐकल्यावर मुखवटा वेगळा दिसतो. निदान मला दिसला. नाहीतर प्रश्न एकच उरतो, सोनं किती किलो? (मुखवटा दहा किलोंपेक्षा थोडा जास्त, आतली शवपेटी एकशे दहा. गाइडला तोंडपाठ असतं, कारण हा प्रश्न रोज येतो. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी तर तिथल्या तिथे तोळ्याचा भाव लावून दाखवला.)

इथे नेहमीचा आक्षेप येतो. हट्ट ठीक आहे, पण सांभाळता येतं का यांना? ऑगस्ट २०१४ मध्ये तहरीरच्या म्युझियममध्ये याच मुखवट्याची दाढी निखळली आणि कुणीतरी ती एपॉक्सीने चिकटवून टाकली. ओरखडेही काढले. जगभर हसं झालं. नंतर एका जर्मन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ती नीट बसवली गेली आणि आठ कर्मचाऱ्यांवर खटला भरायचा निर्णय झाला. झालं ते लाजिरवाणंच होतं. पण मग हिशेब पुरता मांडू. १९२५ मध्ये कार्टर आणि त्याच्या डॉक्टरने राळेत घट्ट चिकटलेली ममी पेटीतून निघेना म्हणून तिचे हातपाय, धड, मुंडकं वेगळं केलं आणि मुखवटा सोडवायला तापवलेल्या सुऱ्या वापरल्या. त्याला आपण ‘संशोधन’ म्हणतो. त्याच थडग्यातल्या एकोणीस लहान वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये निघाल्या, आणि त्या इजिप्तच्या मालकीच्या असल्याचं त्या म्युझियमनेच २०१० मध्ये मान्य करून परत दिल्या. आणि सांभाळण्याचं म्हणाल तर ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्या, गहाळ झाल्या किंवा खराब झाल्या हे २०२३ मध्ये बाहेर आलं, संचालकांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी म्हटलं, की इंग्रजांकडे काही ठेवू नका?

मग इजिप्तचा गाइड हे सगळं का सांगत नाही? त्याला ठाऊक नसतं, असं समजू नका. तिथे गाइड व्हायला परवाना लागतो आणि त्याआधी विद्यापीठाचं शिक्षण, परदेशी माणसाला तो धंदा करताच येत नाही. आपल्या टूर लीडरने म्युझियममध्ये मराठीत समजावून सांगायला सुरुवात केली तर लगेच हटकतात. काहींना ही अडवणूक वाटते. मला हा नियम बरोबर वाटतो. शंभर वर्षं ज्यांच्या वतीने दुसरेच बोलत होते, त्यांनी आता ‘आमचं आम्ही सांगू’ म्हटलं तर त्यात चूक काय? मराठी जोड हवी असेल तर बसमध्ये देता येते. आमचा गाइड हुशार होता. चित्रलिपीतली नावं सरळ वाचून दाखवायचा. पण तो ग्रुप बघून दुकान मांडतो. भारतीय म्हटलं की अमिताभ बच्चन, मग सोनं, मग शाप, मग ममी करताना मेंदू नाकातून कसा काढत. पर्यटक खूश होतात, बक्षीस बरं मिळतं. शिवाय त्याची खरी कमाई त्या पगारात नसते. पपायरसच्या, अत्तराच्या, अलाबास्टरच्या दुकानात ग्रुपने जे घेतलं त्यावर कमिशन असतं. म्युझियमचे दोन तास आणि दुकानाचा दीड, हे प्रमाण त्यातून येतं. आपण स्वस्त पॅकेज मागतो, कंपनी गाइडला कमी देते, तो दुकानातून भरून काढतो. दोष कुणा एकाचा नाही, पण साखळीची एक कडी आपल्या हातात आहे.

त्याच्या गप्प राहण्याला दुसरंही कारण आहे आणि ते जास्त गंभीर आहे. परवाना सरकारचा. आणि तहरीर हा चौक सरकारला अजून टोचतो. २८ जानेवारी २०११ च्या रात्री, राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरोधी आंदोलन भडकलेलं असताना, चोर छतावरून म्युझियममध्ये उतरले. काचा फुटल्या, मूर्ती मोडल्या, काही वस्तू पळवल्या गेल्या. तेव्हा सामान्य कैरोकरांनी हातात हात घालून म्युझियमभोवती साखळी केली. ज्यांच्या पूर्वजांना आत शिलालेख उतरवू दिले नव्हते त्यांनी. ही हकीकत गाइड अभिमानाने सांगतात, सांगायलाच हवी. पण दीडेक महिन्याने, ९ मार्चला, लष्कराने चौकातल्या निदर्शकांना धरून याच म्युझियमच्या आवारात आणलं आणि मारहाण केली, हे त्या माणसांनी आणि मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवलं आहे. ते कोण सांगणार? गाइडला मुद्दाम विचारून अडचणीत आणू नये, असं माझं मत आहे. आपण दोन दिवसांनी विमानात बसतो, त्याला तिथेच राहायचं असतं. हा भाग आपण घरून वाचून जायचा आणि आवारात उभं असताना मनात ठेवायचा. इजिप्शियन माणसाने इजिप्तचा इतिहास सांगावा हे तत्त्व मला मान्य आहे, पण इजिप्शियन माणूस आणि इजिप्शियन सरकार एकच नव्हेत.

सरकारला फेरो आवडतात. ३ एप्रिल २०२१ ला तहरीरहून बावीस राजे-राण्यांच्या ममी कैरोतल्याच फुस्तातच्या नव्या म्युझियममध्ये हलवल्या, ती मिरवणूक आठवत असेल. प्रत्येकासाठी सोनेरी सजवलेली वेगळी गाडी, वर नाव, कालक्रमाने रांग, एकवीस तोफांची सलामी. देखणा सोहळा होता यात वाद नाही. पण याच ममींच्या बाबतीत १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी उलटा निर्णय घेतला होता. मेलेल्या राजांचं प्रदर्शन मांडणं शोभत नाही म्हणून तहरीरचं ममीदालन त्यांनी बंद करायला लावलं. ते १९९४ मध्ये पुन्हा उघडलं. मला सादातांचा विचार जास्त पटतो, पण पूर्ण नाही. फुस्तातला दालनात मंद उजेड असतो, फोटोला बंदी असते, मोठ्याने बोलू देत नाहीत. एवढं पाळलं तर दुसऱ्या रामसेसचा तो वाकड्या नाकाचा, पिंगट केसांचा चेहरा पाहण्यात अनादर होत नाही. अनादर त्याच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पासपोर्टच्या फोटोने होतो. १९७६ मध्ये त्याची ममी बुरशीच्या उपचारासाठी पॅरिसला नेली आणि तिथे लष्करी मानवंदना मिळाली हे खरं. फोटोतला तो पासपोर्ट मात्र अलीकडच्या कुणा कलाकाराची करामत आहे. आमच्या ग्रुपवर तो रामसेसपाशी पोचण्याआधीच पोचला होता.

ममींचा विषय निघालाच आहे तर घरचंही बघू. सयाजीराव गायकवाडांनी १८९४ मध्ये उभारलेल्या बडोद्याच्या म्युझियममध्ये इजिप्तची ममी आहे. हैदराबादला आहे, कोलकात्याला आहे. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे पावसाचं पाणी शिरलं तेव्हा कर्मचाऱ्यांनी काच फोडून तिला बाहेर काढलं. या सगळ्या ज्या काळात आल्या तेव्हा संस्थानिकांना आणि श्रीमंतांना ममी बाळगणं भूषणाचं वाटे, जसं युरोपला वाटत होतं. शाळेच्या सहलीतली मुलं त्या काचेला नाक लावून ‘भूत’ म्हणून किंचाळतात. ती ममी कुणाची, कुठल्या थडग्यातून आली, कुणी विकली, हे पाटीवर लिहिलेलं बहुधा नसतं. साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये लंडनच्या म्युझियममधून वाघनखं आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. तेव्हा आपण केवढे पेटलो होतो! ती खरी महाराजांचीच का इथपासून, आपलीच वस्तू उसनी का घ्यायची इथपर्यंत. रघुजी भोसल्यांची तलवार तर २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावात पैसे मोजून सोडवली. हा राग ज्याला समजतो, त्याने ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तहून आलेल्या रोझेटा शिळेपुढे सेल्फी काढताना एवढं तरी विचारावं, ही इथे कशी? आणि बडोद्याच्या ममीपुढेही तेच विचारावं. उत्तर प्रत्येक वेळी ‘परत द्या’ हेच निघेल असं नाही. बडोद्याची ममी परत केल्याने इजिप्तचं काही मोठं भलं होईल असं मला वाटत नाही, त्यांच्याकडे ममींना तोटा नाही. पण पाटी नीट लिहायला काय लागतं?

आपल्याकडे अजिंठ्याला गाइड काय सांगतो, आठवून पाहा. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी शोधली, आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने खरवडलेलं नाव कौतुकाने दाखवतो. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर नाव कोरणाऱ्याचं कौतुक! तेव्हा इजिप्तच्या गाइडला नावं ठेवण्याआधी जरा सबुरी. फरक इतकाच की तहरीरला हा इतिहास भिंतीवर आणि बागेत उघडा पडलेला आहे, वाचायला गाइडही लागत नाही.

गिझाचं म्युझियम दुसऱ्या प्रकारचं आहे. आयर्लंडच्या कंपनीचा आराखडा, जपानचं कर्ज, आणि आत जतनाचं, मांडणीचं अवघड काम करणारे बहुसंख्य हात इजिप्शियन. अहमद कमाल यांनी जे मागितलं होतं ते इथे दिसतं. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी तहरीर, मग गिझा. उलटं केलं तर तहरीर म्हणजे धुळकट, जुनाट, अर्धवट रिकामं गोदाम वाटतं आणि ‘इथे आता काय आहे?’ असं म्हणत लोक बाकावर बसून राहतात. काय नाही? नार्मर या अगदी आरंभीच्या राजाची कोरीव दगडी पाटी आहे. खाफ्रा राजाचा काळ्या-हिरव्या दगडातला पुतळा आहे, मानेमागे ससाणा पंख पसरून बसलेला, जुन्या दहा पौंडांच्या नोटेवर असतो तोच. पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूची तीन इंचांची हस्तिदंती मूर्ती आहे, भिंग घेऊन बघावी अशी. तानिसच्या राजांचं सोनंचांदी आहे, जे सापडलं तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही आणि आजही देत नाही. तुतनखामेनचे पणजोबा-पणजी युया आणि तुया यांच्या थडग्यातलं सामान आहे. एवढं पाहायला तीन तास लागतात, गुडघे दुखत असतील तर चार, कारण बसायला जागा कमी आणि उन्हाळ्यात आत उकाडा.

सहलीची चौकशी करताना आपण जेवण शाकाहारी आहे का, जैन मिळेल का, चहा दोनदा आहे का, हे सगळं विचारतो. तहरीरला किती तास आहेत आणि ते दुकानाआधी की नंतर, हेही विचारा आणि कार्यक्रमात लिहून घ्या. ग्रुपमधल्या दहा जणांनी विचारलं की कंपन्या बदलतात, जेवणाच्या बाबतीत बदलल्याच की. गाइडसाठी वेगळे पैसे जास्त द्यावे लागले तर द्या आणि दुकान नको असं आधीच सांगा, त्याचं नुकसान तुम्ही भरून देताय हे त्याला कळू द्या. मग बागेत त्याला थांबवा आणि त्या अर्धपुतळ्यांमधला अहमद कमाल कुठला, ते विचारा. तिकिटं हातात आल्यावर आमच्या गाइडला मी विचारलं तेव्हा तो आधी चपापला, मग त्याने छत्री मिटली, घड्याळात पाहिलं आणि बोलायला लागला. नार्मर राहिला त्या दिवशी.